सभा संपवण्याची रीत

साहेबांच्या गाडीने पारोळा सोडलं, असं माइकवरून सांगण्यात आलं आणि मी घड्याळ पाहिलं.

आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव, गावातलं समाजमंदिर, त्याच्यापुढे घातलेला मांडव आणि मांडवात मुंगीला शिरायला जागा नाही इतकी माणसं. हा कार्यक्रम ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बौद्ध समाजात माणूस गेला की काही दिवसांनी सगळे जमतात. दोन्ही प्रतिमांना हार घालतात, त्रिसरण-पंचशील घेतात, मग गेलेल्या माणसाविषयी चार जण चार शब्द बोलतात. चार जण म्हणायची पद्धत आहे, बोलतात चाळीस. शेवटी सगळे उभे राहून हात जोडून सरणत्तयं ही गाथा म्हणतात. ती म्हटली की कार्यक्रम संपला. त्यानंतर कितीही मोठा माणूस येवो, माइकला कोणी हात लावत नाही. लहानपणी भाषणं लांबली की आम्ही पोरं आईचा पदर ओढून ‘सरणत्तयं कधी’ एवढंच विचारायचो, कारण त्याच्यामागून जेवण असायचं.

साहेब म्हणजे जिल्ह्याचे पुढारी. ते येऊन आबांविषयी दोन शब्द बोलणार होते आणि त्या दोन शब्दांच्या शेवटी माझ्या धाकट्या भावाची जिल्हा परिषदेची उमेदवारी जाहीर करणार होते. आमचा गट राखीव सुटला होता, निवडणूक तोंडावर होती आणि भरल्या मांडवात एकदा नाव जाहीर झालं की बाकीचे इच्छुक आपोआप गार पडतात, हे भावाला चांगलं ठाऊक होतं. आणि मी आबांना शब्द दिला होता की त्यांच्या पुण्यानुमोदनात कोणालाही मत मागू देणार नाही.

मी जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. प्राचीन रोम हा माझा आवडीचा भाग. शिंदखेडा तालुक्यातल्या पोरीला रोम कुठून सुचलं, असं लोक विचारतात. विचारणाऱ्यांनी आमचे आबा ऐकले नव्हते. आबा कोरडवाहू शेतीचे धनी, शाळा सातवीपर्यंत, पण माइक हातात आला की समोरची माणसं ढिम्म हलत नसत. जयंती असो, लग्न असो, मयत असो, आबांशिवाय माइक सुरू होत नसे. मी अशा घरात वाढले जिथे माणूस सकाळी चुलीपुढे बसून आवाज कुठे चढवायचा आणि कुठे पाडायचा याची तालीम करायचा. पुढे कॉलेजात रोमचं वर्णन वाचलं. चौकातला तो उंच ओटा, त्यावर उभा राहून बोलणारा माणूस, खाली गर्दी. मला ते सगळं ओळखीचं वाटलं. वेगळं इतकंच की त्यांच्याकडे लाउडस्पीकर नव्हता.

आबांच्या शेवटच्या आजारात मी दर शनिवारी गावी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. बाकीचे दिवस भाऊ आणि वहिनी. आबांचा आवाज गेला होता, घशातून हवेसारखी कुजबुज तेवढी यायची, तरी बोलायची हौस गेली नव्हती. मग मी बोलायचे आणि ते ऐकायचे. त्यांना रोमच्या गोष्टी लागत. तिथला उमेदवार खडूने पांढरे केलेले कपडे घालून फिरायचा, हे ऐकून ते खूश झाले.

“त्या रोमना लोके आपलासारखाच शेतस,” ते म्हणाले.

एका गोष्टीवर तर ते इतके हसले की खोकल्याची उबळ थांबेना. ती गोष्ट अशी. ग्रीसहून एक पंडित रोमला आला. पहिल्या दिवशी त्याने न्याय ही किती थोर गोष्ट आहे हे लोकांना पटवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांपुढे उभा राहून न्याय कसा बिनकामाचा हेही तेवढंच पटवून दिलं. तरुण पोरं खुळी झाली आणि म्हाताऱ्या पुढाऱ्यांनी घाबरून त्या माणसाला लवकर परत लावून दिलं.

“माले तो मानूस भेटाले पाहिजे व्हता,” आबा म्हणाले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसरी गोष्ट सभा मोडण्याची. रोममध्ये मत द्यायला लोक जमले आणि एखाद्या अधिकाऱ्याने सांगितलं की आभाळात अशुभ खूण दिसली, वीज चमकली, तर सभा तिथल्या तिथे बरखास्त व्हायची. मोठमोठ्या माणसांचे बेत त्या एका वाक्याने फुकट गेले.

“पन आभायमा खरंच काही दिसनं का नही, ते कसं समजे?” आबांनी विचारलं.

“समजायचं नाही, आबा. ज्याला अधिकार आहे त्याने म्हटलं की झालं.”

ते छताकडे बघत म्हणाले, “आपलाकडे सरणत्तयं व्हयनं की खलास. तसंच शे ते.”

तिसरी गोष्ट मी सांगितली आणि ती सांगायला नको होती असं मला लगेच वाटलं. रोममध्ये एका पुढाऱ्याचा खून झाला. त्याच्या मित्राने अंत्ययात्रेत भाषण केलं आणि बोलता बोलता मेलेल्या माणसाचं रक्ताने माखलेलं वस्त्र लोकांपुढे धरलं. गर्दी पेटली ती आवरली नाही. हे ऐकून आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

कारण आबांनीही एकदा तेच केलं होतं. तेव्हा मी शाळेत होते. आबांचे एक जिवलग मित्र पंचायत समितीवर निवडून गेलेले होते. ते अचानक गेले. रिकाम्या जागी त्यांच्या बायकोला उभं करायचं, असं समाजात सगळ्यांनी ठरवलं होतं. तिला आम्ही अक्का म्हणतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी आबा अक्काच्या घरी गेले आणि मित्राच्या चपला मागून आणल्या. प्रतिमेपुढे ठेवायच्या आहेत, असं तिला सांगितलं. तिने बिचारीने धुऊन पुसून दिल्या. मग याच समाजमंदिरात आबा शेवटचे बोलायला उठले. माझ्या मित्राने या तालुक्यासाठी किती वणवण केली ते सांगितलं आणि एकदम त्या झिजलेल्या चपला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून विचारलं, आता या कोणी घालायच्या?

लोकांनी आबांचं नाव घेतलं. एकाने घेतलं, मग सगळ्यांनी. आम्ही पोरंही ओरडलो, मीही. अक्का पहिल्या रांगेत खाली मान घालून बसली होती. त्या गदारोळात तिच्या नावाची चर्चा कुठल्या कुठे गेली. आबा उभे राहिले, निवडून आले, पुढच्या खेपेला पडले. चपला अक्काला परत मिळाल्या नाहीत. कुठे गेल्या ते आबांनाही सांगता येत नव्हतं. अक्का आमच्या घरी येत राहिली, सणावाराला ताट पाठवत राहिली, पण आबांचं भाषण असलं की ती मधूनच उठून जायची.

हे सगळं त्या रविवारी आमच्या दोघांच्या मध्ये होतं. आबा भिंतीकडे तोंड करूनच बोलले.

“मना पुण्यानुमोदनमा कोनी मत मांगाले नको. तुले सांगी ठेवस. तू शिकेल शे, तूच थांबाडशी.”

मी हो म्हटलं. मरणाऱ्या बापाला दुसरं काय म्हणतात? पण मी मनापासून म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी त्यांच्या मनाला ती गोष्ट टोचते आहे, याचा मला आनंद झाला होता. पुढच्या शुक्रवारी ते गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गावात शिरले तर फाट्यावर फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वर, त्याखाली आबा एका कोपऱ्यात, मध्ये साहेब हसताना आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझा भाऊ हात जोडून, आबांच्या दुप्पट. माझं डोकं तिथेच फिरलं. रोममध्ये मोठ्या घरचा माणूस मेला की त्याच्या वाडवडिलांचे मेणाचे मुखवटे घालून नट अंत्ययात्रेत चालत. मेलेल्यांच्या तोंडावर जिवंतांची पत वाढायची. आमच्याकडे तेच काम फ्लेक्सवाला करतो आणि स्वस्तात करतो.

समाजमंदिरात गेले. भाऊ स्टेजजवळ उकिडवा बसला होता. अंगावर नवा पांढरा झब्बा, हातात फडकं आणि फडक्यात आबांच्या चपला. तो त्या पुसत होता. पुसून त्याने आबांच्या फोटोपुढे निळं कापड अंथरलं आणि त्यावर जोड नीट मांडला.

“हे काय?” मी विचारलं.

“आबास्ना चपला. काय व्हयनं?”

“आजचा कार्यक्रम राजकारणाचा करू नको. साहेबांना येऊ दे, हार घालू दे, जेवू दे. माइक देऊ नको.”

तो उठला. माझ्याहून चांगला वीतभर उंच आहे तो. आवाज न चढवता म्हणाला, “ताई, तू जळगावले ऱ्हास. आठे बठ्ठं मी करेल शे. दवाखाना मी, रातना जागरन मी, आबास्ले उचलीसन बाहेर लई जानं मी. आते माले एक गोट मिळी ऱ्हायनी, तर तुले ती बी नको?”

तो म्हणत होता ते सगळं खरं होतं. शनिवार-रविवार येऊन रोमच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. तरी मी म्हटलं, “आबांनी मला सांगितलंय, मत मागू द्यायचं नाही.”

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात मांडववाल्याने हाक मारली आणि तो गेला. ती नजर मला दिवसभर छळत राहिली.

कार्यक्रम सुरू झाला. त्रिसरण-पंचशील झालं. हार झाले. सूत्रसंचालन एका मास्तरांकडे होतं आणि साहेब अध्यक्ष, म्हणून त्यांचं भाषण रिवाजाप्रमाणे सर्वांत शेवटी. पण साहेबांना जळगावहून निघायलाच उशीर झाला होता. शेवटचा माणूस आल्याशिवाय शेवट करता येत नाही, मग मास्तरांनी एकेकाला उठवायला सुरुवात केली. आजी-माजी सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, आबांबरोबर शाळेत होते ते झाले, आबांना कधी भेटले नव्हते पण ऐकून होते तेही झाले. प्रत्येकाच्या मधल्या वेळात मास्तर फोन कानाला लावून वार्ता देत. पारोळा सोडलं. मग धुळं आलं. मग धुळ्यात पाच मिनिटं चहाला थांबले.

मी बायकांच्या बाजूला पुढेच बसले होते. माझ्या शेजारी अक्का. वय झालंय तिचं, गुडघे गेलेत, म्हणून तिला खुर्ची दिली होती. तिची नजर फोटोपुढच्या त्या चपलांवर होती. ती बघत होती आणि तिच्या खुर्चीचा हात मुठीत घट्ट धरलेला मला दिसत होता. मला वाटलं, ही आता उठून जाईल. पण गुडघे असे झालेत की मनात आलं तरी तिला चटकन उठता येत नाही. ती अडकली होती. पहिल्या रांगेत, पुन्हा एकदा.

ऊन मांडवाच्या कापडातून उतरत होतं. मागे स्वयंपाकाचा वास सुटला होता आणि पोरं कुरकुरत होती. भाऊ स्टेजच्या कडेला उभा राहून रस्त्याकडे बघत होता. झब्ब्याच्या बाह्या सारख्या सरळ करत होता. मला त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. लहानपणी शाळेत बोलायला उभा राहायचा तेव्हाही बाह्याच ओढायचा, आणि दोन वाक्यांनंतर विसरून रडायला लागायचा. आबा त्याला म्हणायचे, तुझ्या जिभेला हाड आहे.

“नरडाणा ओलांडलं,” मास्तर म्हणाले. “साहेब कोणत्याही क्षणी आपल्यात असतील. तोपर्यंत मी आबांच्या कन्येला विनंती करतो. ताई प्राध्यापिका आहेत. कुटुंबाच्या वतीने त्यांनी मनोगत व्यक्त करावं.”

मी बोलणार नाही असं आदल्या दिवशीच कळवलं होतं. पण मास्तरांची बोलणारी माणसं संपली होती. त्यांनी येऊन हळूच सांगितलं, “ताई, दहा मिनिटं खेचा. काहीही बोला. तुमच्या रोमवर बोललात तरी चालेल.”

भाऊ माझ्याकडे बघत होता. बोल असंही नाही, नको असंही नाही.

मी उठले. माइक हातात घेतला. मी आबांविषयी बोलायला लागले. आबा चुलीपुढे तालीम करायचे ते सांगितलं, लोक हसले. आवाज गेल्यावरही ओठ हलवत राहायचे ते सांगितलं, बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मला कळत होतं की गर्दी माझ्या हातात येते आहे. आबांच्या रक्ताची खोड असणार, ते मला आवडतही होतं. फोटोपुढच्या चपला माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. या क्षणी त्या उचलून मी काहीही विचारलं असतं तरी लोकांनी मला हवं ते उत्तर दिलं असतं. तो विचार आला आणि मी घाबरले.

तेवढ्यात फाट्याकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. मागची पोरं धावली. भावाने झब्बा खाली ओढला आणि दोन पायऱ्या चढून स्टेजवर आला. मास्तर माझ्या हातातला माइक घ्यायला पुढे झाले.

मी एक पाऊल मागे सरले आणि म्हटलं, “आता आपण सर्व जण उभे राहून सरणत्तयं घेऊ या.”

मांडवात कोणाला काही कळेना. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. कार्यक्रमाचे अध्यक्ष दारात आणि ही सांगता करते. मी हात जोडले, डोळे मिटले आणि गाथेची पहिली ओळ म्हटली. माझा एकटीचा आवाज लाउडस्पीकरमधून निघाला आणि गावाबाहेरपर्यंत गेला असेल. साथीला कोणी नाही. दुसरी ओळ म्हणायला मला श्वास पुरेना. मी डोळे किलकिले करून पाहिलं. माणसं एकमेकांकडे आणि भावाकडे बघत बसली होती. भावाचा चेहरा पांढरा पडला होता. त्या वेळी सगळे बसूनच राहिले असते तर पुन्हा गावात तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अक्का उठत होती. एक हात खुर्चीवर, दुसरा शेजारच्या बाईच्या खांद्यावर. ती उभी राहिली, तोल सावरला, हात जोडले आणि तिच्या चिरक्या आवाजात माझ्यामागून म्हणायला लागली. एवढी म्हातारी उभी राहिल्यावर बाकीचे कसे बसून राहतील? आधी बायका उठल्या, मग पुरुष. मागून पोरांचे आवाज सगळ्यांत मोठे, कारण आता जेवण.

साहेब मांडवाच्या कमानीत पोचले तेव्हा सगळा मांडव हात जोडून उभा होता. गाथा चालू असताना कोणी चालत पुढे येत नाही. तेही चपला काढून होते तिथेच उभे राहिले, हात जोडले आणि ओठ हलवायला लागले. शेवटचे साधुकार, म्हणजे तीनदा ‘साधु’, म्हणून झाले. लोकांनी एकमेकांना हात जोडले आणि मांडव पाण्याच्या टाकीची तोटी उघडावी तसा पंगतीकडे वाहायला लागला. मास्तरांनी माइक हातात घेतला, एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बटण बंद केलं.

साहेबांनी आबांच्या फोटोला हार घातला. माझ्यापुढे हात जोडले. “छान बोलत होता ताई, ऐकायला आलं बाहेर,” ते म्हणाले आणि भावाशी एक शब्दही न बोलता गाडीत जाऊन बसले. जेवायला थांबले नाहीत. धुरळा उडाला तो बराच वेळ रस्त्यावर होता.

आम्ही दोघंच स्टेजजवळ राहिलो. अक्का तिच्या खुर्चीवर परत बसली होती. भाऊ स्टेजच्या कडेला बसला, पाय खाली सोडून. मला वाटलं, हा आता मला वाटेल ते बोलेल, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता.

“ताई, चपला ठेवानी अक्कल मनी नही. आबाच सांगी गया.”

मी म्हटलं, “काय?”

“तू रविवारले निंघी जाय, मंग माले खाटजवळ बसाडेत, म्हनेत, साहेबले बलाव. त्याले शेवट बोलू दे. तो बोलना की मन्या चपला उचल आनि लोकस्ले इचार, आते या कोनी घालाव्या. दुसरं काही बोलू नको, तुले बोलता येस नही. एवढंच बोल.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मनाकडथीन तालीम करी लिधी त्यास्नी. खाटवर पडेल व्हतात, तरी. चपला कवढ्या वर धराव्या ते बी.”

मला त्याचं खोटं वाटलं असतं तर फार बरं झालं असतं. पण जो माणूस दोन वाक्यांत भाषण विसरतो तो एवढी गोष्ट रचत नाही. आणि तालीम घेणारे आबा मला डोळ्यांपुढे दिसत होते. रविवारी माझ्यापुढे भिंतीकडे तोंड करून पश्चात्ताप, आणि सोमवारी ह्याच्यापुढे चपला किती उंच धरायच्या त्याचा धडा. सरणत्तयं झालं की खलास, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. सभा पेटवायची रीत त्याला दिली होती आणि मोडायची मला. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांचा इतका राग आला की समोर असते तर मी त्यांच्याशी भांडले असते.

“मंग खरं कोनतं?” भावाने विचारलं. “तू शिकेल शे. तू सांग. तुले सांगं ते, का माले सांगं ते?”

तो ग्रीक पंडित रोममधून गेल्यावर लोकांनी एकमेकांना हेच विचारलं असेल.

उत्तर अक्काने दिलं. ती सगळं ऐकत होती हे आम्ही विसरलो होतो.

“तुमना बाप आसाच व्हता,” ती म्हणाली. “ज्यानासमोर बसना, त्यानाच व्हई जाय. दोन्ही खरं शे, बापू. तोंडमाथून निंघे तवय त्यानं खरंच ऱ्हाये.”

ती हे कडवटपणे म्हणाली नाही. आपल्या माणसाची खोड सांगावी तसं म्हणाली. मग खुर्चीला धरून उठली, हळूहळू स्टेजजवळ आली आणि फोटोपुढच्या चपला उचलल्या. डोक्यावर नाही, कमरेच्या खाली, घरातली बाई वाटेतला जोड उचलून बाजूला ठेवते तशा. पदराच्या टोकात गुंडाळल्या.

“या मी लई जास. मना घरनी जोडी आठेच गई, परत उनीच नही. आते या कोनी उचलाना नही.”

त्या चपला त्याच्या होत्या. बापाच्या शेवटच्या चपला, त्याने स्वतः पुसलेल्या. निवडणूक अजून पुढे होती आणि साहेबांची समजूत काढता आली असती. मी त्याच्याकडे बघत होते. तो खाली उतरला. स्वतःच्या चपला शोधायला दाराशी गेला, तर पंगतीच्या गर्दीत त्या कोणीतरी घालून गेलं होतं. तसाच अनवाणी परत आला.

“अक्का, ऊन शे,” तो म्हणाला. “चाल, मी गाडीवर सोडस.”

तिला मागे बसवायला आम्हा दोघांना धरावं लागलं. तिने एक हात त्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदरातला जोड पोटाशी धरला. भावाने तापलेल्या मातीवर पाय टेकून गाडी वळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू जेवी ले, ताई. माले येळ लागी.”